घूंऽऽऽचा बंदोबस्त

२ मार्च, सोमवार
निवृत्तीनंतरचा पहिला संकल्प: संगीत. मुलगी सासरी गेल्यापासून मागची खोली रिकामी होती, ती ताब्यात घेतली. अँप्लिफायर जोडला, स्पीकर मांडले, डोळे मिटून बसलो. बासरी अप्रतिम. पण तिच्यामागे बारीक घूंऽऽऽ. घरातलं वायरिंग जुनं, दुसरं काय! तारांमधली घाण थेट स्पीकरमध्ये उतरते, असं वाचलंय. आठवडाभरात निकाल लावतो.

हिला ऐकायला बोलावलं. म्हणाली, तुमचाच आहे तो आवाज. तिच्या म्हणण्याचा अर्थ, भानगड तुमची, तुम्हीच निस्तरा. या घरात सहकार्य म्हणून नाही.

५ मार्च
वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घेतली. अर्थिंगही नवं. त्यासाठी स्वयंपाकघराची भिंत वरपासून खालपर्यंत चिरावी लागली. पिठाच्या डब्यात सिमेंट गेलं. (थोडंच.)

मी शेजारी उभा राहून सतत समजावत होतो, तरी वायरमनला घूं ऐकू येईना. रोज ड्रिल चालवून कान गेले असणार बिचाऱ्याचे.

८ मार्च, दुपार
फ्रीजच गुन्हेगार. बंद केला. दूध नासलं, पण कलेसाठी एवढं चालायचंच. मिक्सरला बंदी. पंखे बंद. दारावरची बेलही काढून टाकली. तिच्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, लोकांना कल्पना नसते.

बोलत असताना घूं जवळजवळ नाहीच. डोळे मिटून रंगलो की वाढते. फार लबाड आहे.

११ मार्च
हिने निर्वाणीचं सांगितलं. रविवारपर्यंत घर पूर्वीसारखं झालं नाही तर ती भावाकडे जाणार, आणि या वेळी परत कधी येणार ते सांगणार नाही. आवाज चढवला नाही. तेच वाईट.

खरं सांगायचं तर अडकलोय. मागे फिरावं, तर फोडलेली भिंत रोज जेवताना समोर. मेहुणा तर वर्षभर हसेल. पण रविवारपर्यंत घूं मरतेच. मग हीच माफी मागेल. मी मोठ्या मनाने माफ करीन.

१५ मार्च, रविवार, सकाळ
बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खोलीच्या दाराला कडेने रबरी पट्टी लावली. आता शेवटचा प्रयोग. सगळ्या घराचा मेन स्विच बंद, फक्त माझी लाइन चालू. ही बॅग भरतेय. म्हटलं, पाच मिनिटं थांब, निकाल ऐकून जा. तिने बॅगेची चेन ओढली.

जरा वेळाने
दार उघडत नाही. रबरात रुतून बसलंय. जोर लावला तर मूठ हातात आली. मोबाइल बाहेर. कोणी आलं तरी बेल मीच काढलेली. ही गेली असणार.

अँप्लिफायर बंद केला. रागाने प्लगही उपटला. स्वस्थ बसलो.

घूंऽऽऽ.

वीज नाही आणि घूं आहे! हिला हाक मारली. घूं थांबली. गप्प बसलो. सुरू. तोंड उघडलं. बंद. मिटलं. सुरू.

नाक चिमटीत धरलं. घूं बंद.

१५ मार्च, दुपार
ही जिन्यापर्यंत गेली होती. मेन स्विच चालू करायचा राहिला म्हणून परत आली, तर बंद दाराआडून घूं. बाहेरून खांदा मारून तिने दार उघडलं. मी सगळा शोध सविस्तर सांगितला. वाटलं, निदान हसेल.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय मी ही घूं," ती म्हणाली. "मी कधी भिंत फोडली?"

फ्रीज चालू झालाय. पंखाही. बॅग अजून दारातच आहे, उघडलेली नाही. ही बॅगेशेजारी खुर्चीवर बसलीय. मी समोर, तोंड उघडं ठेवून.