वनाजींच्या तीन चौकटी

१८ मे, शिंदखेडा
आलो. अधिक महिन्याचं जेवण हे निमित्त. खरं काम वेगळं आहे आणि ते फक्त मला ठाऊक आहे. बायकोला, सारिकालाही सांगितलं होतं, पण ती तेव्हा भांडी आवरत होती.

व्यंगचित्रकार वनाजींना आज कोण ओळखत नाही? पण मुंबईला जाण्याआधी ते धुळ्याच्या 'पांझरेकाठ' साप्ताहिकात तीन चौकटींची कॉमिक स्ट्रिप काढायचे, हे कुणाच्या गावीही नाही. त्यांच्या एकाही पुस्तकात ती नाही. माझे सासरे मोतीलाल आबा तेव्हा त्या पेपरचे इथले एजंट होते. न खपलेले अंक अजून माळ्यावर पडलेत!

१४ जूनला धुळ्याच्या एका वाचनालयात माझं भाषण आहे. 'वनाजींचं अज्ञात पर्व'. पत्रिका छापून वाटूनसुद्धा झाल्या. शोध लागायचा तेवढा बाकी आहे. दोन दिवसांचं काम.

१९ मे
पुरणाचे धोंडे, वर तूप. नको म्हटलं की वाढतात, हो म्हटलं की आणखी वाढतात. माळ्याकडे निघालो तर सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, अडवलं. वाणाच्या जावयाने शिडी चढायची नाही म्हणे. मेहुणा हितेंद्र चढला आणि दोन गठ्ठे खाली काढून दिले. जरा पडलो. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

२० मे
सारिका जळगावला परत गेली. तिला पतसंस्थेत रजा नाही. मलाही चल म्हणत होती. म्हटलं, संशोधन अर्ध्यावर टाकता येत नाही. (सुरू व्हायचंय, ही गोष्ट वेगळी.)

आबा म्हणाले, "बठ्ठा गठ्ठा लई जा, जवाईबापू, घर बशी वाचा." मोठ्या मनाचा माणूस. पण अभ्यासाची एक शिस्त असते, जुने कागद जागेवरून हलवायचे नसतात, हे मी त्यांना समजावलं. आबांनी मला दोन्ही हात जोडले. आदर वाटला असावा.

२४ मे
पद्धत ठरली. पहाटे पाचला उठणे. रोज एका वर्षाचे अंक. आधी पहिला गठ्ठा, मग दुसरा. दुसरा सध्या उशाला घेतलाय, कारण इथली उशी फार चपटी आहे.

२५ मे
पाचला जाग आली नाही. सातलाही नाही. पंखा लावला की पानं उडतात, बंद केला की मी घामाघूम. संशोधनातल्या खऱ्या अडचणी या. विद्यापीठातल्या लोकांना काय कळणार!

३० मे
पहिल्या गठ्ठ्यात कापसाचे भाव, लग्नांच्या जाहिराती, हरवलेल्या म्हशी. स्ट्रिप कुठेच नाही. (सगळे अंक पाहिलेत असं नाही, पण अंदाज आला.)

मला आता निघायचंय, पण हे लोक सोडत नाहीत. तसं तोंडाने म्हणत नाहीत, पण कळतं. आज आबांनी एसटीचं वेळापत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. एक गाडी दहाले शे, एक साडेबाराले शे. या घरात वाचनाची आवड आहेच.

३ जून
पुरण बंद झालं. काल वरण-भात, आज खिचडी. पाहुण्यासारखं वागवणं सोडून घरच्यासारखं वागवायला लागलेत. अक्कांनी माझी बॅग धुतली, तिला नवी चेन बसवून आणली आणि दाराशीच ठेवली. एवढी काळजी मला माझ्या घरीही कुणी करत नाही.

७ जून
वाचनालयाचे कार्यवाह ज्ञानेश्वरभाऊंचा फोन. स्ट्रिपचे फोटो पाठवा म्हणाले, पडद्यावर दाखवू. म्हटलं, सरप्राइज आहे. फोन ठेवला.

दारात जाऊन उभा राहिलो. जायचं कुठे? रिकाम्या हाताने जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी गेलो तर सारिका काहीच बोलणार नाही, आणि तेच सहन होत नाही. माझ्या विम्याच्या धंद्याचं तर विचारूच नये, महिनाभरात एका गिऱ्हाइकाचा फोन नाही. इथून हलवत नाही, इथे बसवत नाही. भीती वाटते.

उद्यापासून कडक शिस्त. दुपारची झोप बंद. चहा बंद.

८ जून
चहा घेतला.

१२ जून
उठलो तर बॅग भरलेली आणि हितेंद्र मोटारसायकल सुरू करून उभा. मला निघायचंय हे यांनी कसं ओळखलं कोण जाणे. अक्कांनी वाटेत खायला अनारशांचा डबा दिला. उशाचा गठ्ठा बघायचा राहिलाच. जाऊ दे, पहिल्यात नव्हतं म्हणजे दुसऱ्यातही नसणार.

तोच दिवस, गाडीत, पारोळ्याच्या पुढे
सापडली! अनारसे संपले आणि डब्याच्या तळाशी 'पांझरेकाठ'चं पान. खाली तीन चौकटी, कोपऱ्यात वनाजींची सही! मी ओरडलोच. कंडक्टरने वळून पाहिलं. पानाला माझ्या डोक्याच्या तेलाचा वास, म्हणजे ते उशाच्या गठ्ठ्यातलं आहे. तीन आठवडे मी ज्याच्यावर डोकं ठेवून झोपलो, त्या गठ्ठ्यातलं.

स्ट्रिपचं नाव 'पाहुणा'. पहिल्या चौकटीत जावई खाटेवर आडवा, पोटावर पेपर. दुसरीत सासरा गाडीच्या वेळा सांगतोय, सासू पिशवी भरून दारात उभी. तिसरीत गाडी निघून गेलेली आणि जावई विचारतोय, "आज जेवाले काय शे?"

दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

१३ जून, पिंप्राळा
सारिकाला दाखवली. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, आबा हुबेहूब आलेत. मी सांगितलं, हे चित्र पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. मग तोंड का पाडलंय, म्हणाली.

आबांना फोन केला. उद्या भाषणाआधी गठ्ठा न्यायला येतो आणि नंतर चार दिवस राहून सगळा नीट बघतो, असं सांगितलं. आबा म्हणाले, घर बंद शे, आम्ही यावलला आलोत. मागून अक्कांचा आवाज आला, "जवाईबापू परत ई ऱ्हायनात का?" आवाजात भीती होती. ती मला ओळखता आली. माझ्याही आवाजात हल्ली तीच असते.

एवढ्या मोठ्या माणसाची हरवलेली स्ट्रिप माझ्या हातात आहे, आणि ती कुणाला दाखवायची सोय नाही.

१४ जून
घसा बसला म्हणून सकाळीच वाचनालयाला कळवलं.

संध्याकाळी ज्ञानेश्वरभाऊंचा फोन. काळजी करू नका म्हणाले, कार्यक्रम झकास चाललाय. तुम्हाला परत शिंदखेड्याला जायचा त्रास नको म्हणून तुमचे आबा स्वतः गठ्ठा घेऊन आलेत, वनाजींच्या चाळीसेक स्ट्रिप निघाल्या. आबाच पडद्यावर दाखवून एकेक समजावून सांगताहेत. दोन वर्षं एकाच जावयावर काढली हो वनाजींनी!

फोन त्यांनी चालूच ठेवला होता. सगळा हॉल हसत होता. कोण हसतंय, असं सारिकाने आतून विचारलं. कुणी नाही, म्हटलं.

लवकर आडवा झालो. इथलीही उशी चपटीच आहे.