दाराची कडी

म्हस्कू भावजी,

ह्यांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी तुम्ही तुमच्या पेशी दिल्या. डॉक्टर म्हणाले, अंगात रोगाशी लढायची ताकद उरली नाही, वर्षभर कुणाला जवळ येऊ देऊ नका. सगळं गाव अंगणातूनच बोलून जायचं. तुम्ही मातर खोकत दारात आलात. मी अडवलं, तर म्हणालात, "माझंच रक्त हाय त्याच्या अंगात. माझं दुखणं त्याला कसं बाधंल?"

मी कडी काढली. अकराव्या दिवशी हे करोनानं गेले.

काल तुमच्या कुरकुंभच्या कंपनीतला माणूस बोलून गेला. त्या दिवशी तुम्ही पॉझिटिव्ह म्हणूनच रजेवर होता.

ह्यांनी ते ओळखलं होतं. शेवटी म्हणाले, "दादाला बोल लावू नको." म्हणून हे पत्र धाडत न्हाई. परवा वर्षश्राद्धाला याल तवा वाढीन, पण तुमच्या तोंडाकडं बघणार न्हाई.

कडी काढणारी,
हर्षदा