आई पडू नये म्हणून चौतीस टेनिस बॉल

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कारण भीती नव्हे. कारण नोंद. विमा कंपनीत बावीस वर्षं अपघाताच्या दाव्यांचं टेबल सांभाळतोय. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

परिस्थिती अशी. आई, वय ऐंशी, निवृत्त पी.टी. शिक्षिका. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातून गॅलरीत जाताना मधल्या पायरीवर घसरली. मनगट सुजलं, हाड शाबूत. डॉक्टरांनी सहा आठवडे वॉकर वापरायला सांगितलाय. आई वापरते. त्यावर टॉवेल वाळत घालते.

काल ताईचा फोन. सोळाला, रविवारी येते म्हणाली. घर बघते, नाही पटलं तर आईला माझ्याकडे घेऊन जाते. शिवाय, 'तू राहशील ना रे एकटा?' हसलो. बावन्न वर्षांचा माणूस मी. एकटं राहायला घाबरत नाही, नुसतं आवडत नाही. दिवा लावून झोपतो तो डोळ्यांसाठी.

बारा दिवस हातात आहेत. तेवढ्यात घर शंभर टक्के अपघातमुक्त. आरामात.

५ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिसच्या पद्धतीनं प्रत्येक खोलीला जोखमीचे गुण दिले, दहापैकी. बैठकीची खोली ५. स्वयंपाकघर ७. मधली पायरी ९. बाथरूम साडेनऊ. गुण देऊन झाले. या घरात आपण इतकी वर्षं जिवंत राहिलो कसे, हेच कळेना.

आईनं विचारलं, मला किती दिलेस. म्हटलं, माणसांना देत नाहीत.
(दिलेत. ८.)

६ नोव्हेंबर, गुरुवार
उपाय सापडला. जेवणाच्या सुट्टीत फोनवर व्हिडिओ बघितला: जुन्या टेनिस बॉलचे एकवीस घरगुती उपयोग. एकवीसच्या एकवीस आमच्याच घरासाठी केल्यासारखे. वॉकरच्या पायांना बॉल. खुर्च्यांच्या पायांना बॉल. कपाटाच्या कोपऱ्यांना अर्धा बॉल. झाकण घट्ट बसलेल्या बरणीला अर्धा बॉल. आणि बॉल फुकट मिळतो.

ऑफिसशेजारी टेनिस कोर्ट आहे. तिथल्या मार्करनं, म्हणजे कोर्ट सांभाळून खेळ शिकवणाऱ्यानं, एक पोतं काढून दिलं, चौतीस नग. म्हणाला, न्या साहेब, यांच्यात आता उसळी राहिली नाही. म्हटलं, मला तेच पाहिजे. उसळी असलेली एक व्यक्ती घरात आहे, तेवढी पुरे.

८ नोव्हेंबर, शनिवार
बॉलला फुलीच्या आकाराची चीर देणं व्हिडिओत सहा सेकंदांचं काम आहे. मला पहिल्या बॉलला चाळीस मिनिटं लागली. सुरी घसरली. डाव्या अंगठ्याला दोन टाके. ही घटना घराच्या हिशेबात धरलेली नाही, कारण हे प्रकल्पाचं काम होतं.

आईनं उरलेले बॉल घेतले, पक्कडीत धरले, आणि माझा अंगठा शिवून होईपर्यंत एकोणीस चिरून ठेवले. मनगट सुजलेल्या माणसानं असं करू नये, हे तिला बजावलं. ती म्हणाली, न सुजलेल्यानं काय दिवे लावले ते बघितलं.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.१५
सगळं बसवलं. वॉकरला चार, चार खुर्च्यांना सोळा, कोपऱ्यांना अर्धे. पायरीच्या अलीकडे छतापासून दोरीनं एक बॉल लोंबता सोडला, आईच्या कपाळाच्या उंचीवर. कपाळाला बॉल लागला की समजायचं, पायरी आली. शास्त्रशुद्ध कल्पना. माझ्या गळ्याशी येतो. आतापर्यंत अकरा वेळा लागला. आईला एकदाही नाही. ती हातानं बाजूला करून जाते.

खुर्च्या आता अजिबात वाजत नाहीत. बसायला गेलं की मागे सरतात, पण आवाज न करता. खालच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. खुर्च्या सरकवता म्हणून नऊ वर्षं तक्रार करताहेत. आज स्वतः वर आले. घाबरलेले. म्हणाले, सकाळपासून वरून काहीच ऐकू येत नाही, सगळे बरे आहेत ना?

त्यांना हसलो खरा, पण नंतर लक्षात आलं. पूर्वी वॉकर खट खट वाजायचा. आई कुठे आहे हे मला अंघोळ करतानाही कळायचं. आता कळत नाही. मघाशी मागे वळलो तर ती पाठीशी उभी. मी ओरडलो. ती म्हणाली, आपल्याच घरात आई दिसली म्हणून ओरडणारा तू पहिलाच.

१० नोव्हेंबर, सोमवार
उपाय. आईची शाळेतली शिट्टी ट्रंकेतून काढली आणि तिच्या गळ्यात घातली. पडलीस तर वाजव.
ती चहा झाला की वाजवते. दूधवाला आला की वाजवते. मी दाढी अर्धवट टाकून तीनदा धावलो. तिसऱ्यांदा लोंबत्या बॉलला आदळलो. तिनं नुसतं विचारलं, साखर किती?

११ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसात दिवसभर एकच दावा. बाई, वय अठ्ठ्याहत्तर, पायपुसण्यावरून. पायपुसण्यावरून माणूस जातो. घरी आल्या आल्या तिन्ही पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकली.

येताना अपघात-अहवालाचे सात कोरे फॉर्म आणले. अनुभव असा की घटना घडल्यावर नातेवाईक हादरलेले असतात, फॉर्म चुकीचा भरतात, महिनोन्महिने हेलपाटे घालतात. शहाण्या माणसानं शांत डोक्यानं आधीच भरून ठेवावा. सात जागांचे सात भरले. 'जखमी व्यक्ती आंघोळीनंतर बाहेर येत असताना...' 'जखमी व्यक्ती वरच्या फळीवरचा डबा काढत असताना...' फक्त तारीख आणि अवयव रिकामे ठेवले. अक्षर चांगलं आलंय. भरता भरता दोनदा डोळे पुसावे लागले, पण त्यानंतर फार शांत वाटलं.

'अपघाताच्या वेळी घरात कोण होते' असा एक रकाना आहे. सातही ठिकाणी लिहिलं, मुलगा. दिवसा मी ऑफिसात असतो. तरी तेच लिहिलं.

कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले, क्रेप बँडेजखाली. एकत्र असलेलं बरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.
११.०० वाजता घरी फोन. उचलला नाही. ११.०४, नाही. ११.०६, नाही. ११.०७ ला माझ्या डोळ्यांसमोर फॉर्म क्रमांक तीन. साहेबांना सांगितलं, घरी अपघात आहे. कोणाला, विचारलं. म्हटलं, अजून माहीत नाही. अर्धी रजा.

जिने तीन-तीन पायऱ्या घेत चढलो (जोखीम ९). दार उघडं. वॉकर दारात, त्यावर टॉवेल. स्वयंपाकघर रिकामं. बाथरूमचं दार बंद. हाक मारली. उत्तर नाही. दार ढकलायला हात उचलेना. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. आई म्हणून हाक मारली ती आठ वर्षांच्या पोराच्या आवाजात आली, आणि ती ऐकून मीच जास्त घाबरलो.

मग वरून आवाज. टप्. टप्. टप्.

गच्चीवर आई पदर खोचून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बॉल मारत होती आणि परत आलेला झेलत होती. दुखऱ्या हातानं. हेडमास्तर कठड्याला टेकून मोजत होते. चौऱ्याऐंशी म्हणाले, मला बघून थांबले. आई म्हणाली, पुढे मोजा हो, हा फक्त बघायला आलाय.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. आईनं ऐकून घेतलं. मग एक बॉल माझ्याकडे हळूच टाकला. माझ्या छातीला लागून खाली पडला. ती म्हणाली, अख्ख्या शाळेला झेल शिकवला, घरातला एक तेवढा राहिला. लहानपणीही असंच. चेंडू आला की डोळे मिटून घ्यायचास.

सगळे मोकळे बॉल जप्त. टेनिस बॉलच्या एकवीस उपयोगांत खेळणं कुठेही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
उद्या ताई. तयारी पूर्ण. घराचे सरासरी गुण साडेसातवरून २ वर आणले. (मीच दिले, पण कसून.) बॉल मळले होते, ताईला स्वच्छतेचं वेड. सगळे काढून वॉशिंग मशीनमध्ये फिरवले. मशीन आतून कोणी दार ठोठावतंय तशी वाजली. आता दोरीवर आहेत. सकाळपर्यंत वाळतील.

आईला म्हटलं, उद्या जरा वॉकर धरून चाल. ती म्हणाली, बघू. आईचं 'बघू' म्हणजे नाही. पण उद्या ते 'हो' असेल असं मला आतून वाटतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.००
पालथा पडून लिहितोय. त्यामुळे थोडक्यात.

बॉल वाळले नाहीत. ओलेच बसवले. ताई दहाला आली. लोंबत्या बॉलखालून वाकून गेली, काही बोलली नाही. खुर्चीवर बसायला गेली, खुर्ची मागे गेली, ताईनं टेबल धरलं. तरीही काही बोलली नाही. हे चांगलं लक्षण समजून मी तिला बाथरूमकडे नेलं. म्हटलं, प्रात्यक्षिकच दाखवतो. वॉकर आत ठेवला, त्यावर पूर्ण भार टाकून सांगायला लागलो की आता या घरात कोणी घसरणं शक्य—
वॉकर पुढे गेला. मी तिथेच राहिलो. माकडहाड.

आईनं शिट्टी वाजवली. मग हातातलं लाटणं खाली ठेवून आली, मला काखेत धरून उभं केलं. ऐंशी वर्षांची बाई. वॉकरशिवाय. ताई म्हणाली, बँडेज कुठे असतं? आई म्हणाली, खालच्या ड्रॉवरमध्ये. मी नको म्हणालो. दोघींना वाटलं, दुखतंय म्हणून.

ताई बँडेज घेऊन आली, आणि फॉर्म. उभ्या उभ्या वाचले. पहिल्यांदा तिला वाटलं, आई सात वेळा पडली आणि मी तिला कळवलं नाही. खूप बोलली. मग तिला रिकाम्या तारखा दिसल्या. मग तिनं ते आईच्या हातात दिले, ते जास्त वाईट होतं.

आईनं चष्मा लावून सातही वाचले. सावकाश. अक्षर छान आहे म्हणाली. मग म्हणाली, मी बाथरूममध्ये पडलेय, जिन्यात पडलेय, डबा काढताना पडलेय. उरलं काय रे आता माझ्यासाठी इथं?

म्हटलं, ही फक्त पूर्वतयारी.
ती म्हणाली, कळतं मला. तू माझ्याजवळ असतोस आणि डोळे मिटलेले असतात. मग ताईकडे वळून म्हणाली, तीन महिने येते तुझ्याकडे. तुझं अंगण मोठं आहे.

भिंतीला टेकून म्हटलं, घरात पाय घसरण्याची शक्यता... कोणी ऐकत नव्हतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आई गेली. तात्पुरती. निर्णय तत्त्वतः माझाही होता. घर आणखी सुरक्षित करायला रिकामं मिळणं गरजेचंच होतं.

बॅगेत तिनं सहा बॉल घातले. वॉकर ठेवून गेली. डॉक्टरांनी मला पंधरा दिवस वापर म्हटलंय. जाताना शिट्टी माझ्या गळ्यात घातली. म्हणाली, पडलास तर वाजव. मी विचारलं, ऐकणार कोण? ती म्हणाली, हेडमास्तर आहेत की. मी त्यांना सांगून ठेवलंय. जिन्यातून खाली जाताना मी मोजत होतो. बावीस पायऱ्या. तिनं कठडाही धरला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.३०
अकरा दिवसांत घरात एकही अपघात नाही. प्रकल्प यशस्वी.

वॉकरचे बॉल काढले. आता खट खट वाजतो. मी कुठे आहे ते मला कळतं.

काल आईचा फोन. एकशे चाळीस झेल झाले म्हणाली, मनगट बरं आहे. तू भिंतीवर मारतोस का? सांगितलं, रोज शंभर. प्रत्यक्षात चार. चौथा कपाटाखाली गेला. काढायला वाकलो नाही. घरात कोणी नसताना वाकू नये.

परवा शिट्टी एकदा वाजवून बघितली, चालते का म्हणून. हेडमास्तर धापा टाकत वर आले, पायात चपला नाहीत. चाचणी होती म्हणून सांगितलं. त्यांनी वाकून कपाटाखाली बघितलं. चहा घेता का विचारलं तर म्हणाले, तो बॉल काढून देऊ का कपाटाखालचा? म्हटलं, राहू दे.

आज आपला स्वतःचा फॉर्म भरून ठेवावा असं ठरवलं. शांत डोक्यानं. जखमी व्यक्ती, वय बावन्न. जागा लिहिली, कारण लिहिलं, अवयवही लिहून टाकला. 'अपघाताच्या वेळी घरात कोण होते' पर्यंत आलो.

दिवस आहे, तरी दिवा लावलाय. डोळ्यांसाठी. बाकीचे सगळे रकाने भरून झाले.