शिवेपार गेलेला गाडा

राजूर, १९५९. रविवार, दिवेलागण.

आज खाणीच्या चाळीत पादरी आला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "प्रभूनं साऱ्या जगाचं पाप आपल्या अंगावर घेतलं आणि जीव दिला. तुझं प्रायश्चित्त होऊन गेलं."

लय गोड बोलते. म्हणूनच मले शंका येते. तीन सालामागं धम्माची दीक्षा घेतली तवाच जुने देव सोडले आम्ही. आता हा नवा काहून मागं लागून राह्यला?

अन् ही गोष्ट मले नवी नाही. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा निघे. साऱ्या गावाची पीडा त्यात घालत, अन् माझा बाप तो वढत शिवेपार नेऊन सोडे. त्याच्या खांद्यावर दोराचा वळ मरेपर्यंत होता. पादऱ्यानं माझ्या खांद्यावर नेमका त्याच जागी हात ठेवला.

मी इचारलं, "तुमच्या प्रभूले कोणी जुंपलं?"

"कोणीच नाही. तो आपखुशीनं गेला."

आपखुशीनं! पाटील बी बापाबद्दल हेच सांगे.

शांता, माझी बायको, चुलीपासून म्हणाली, "पण त्याईनं वढणाऱ्यालेच देव केलं ना. मामाजीले तं गावानं पटकी सरेपर्यंत आत येऊ देल्लं नाही."

हिले पटून राह्यलं की काय? खांदा अजून जड लागते.

पादरी म्हणते, प्रभू मेला अन् तिसऱ्या दिवशी परत आला. पादरी पुन्हा भेटला तं एवढंच इचारीन. ज्याईच्यासाठी मेला, त्याईनं त्याले घरात घेतलं का?