माझ्या सरणाची फळी

३ नोव्हेंबर, सोमवार

चोरी झाली. बाहेरचा चोर असता तर पोलीस तरी बोलावले असते. हे घरचेच निघाले. दिवाळीचा चिवडा अजून डब्यात आहे, आणि माझ्यासमोर बसून बकाबका खातायत.

निहारिका संध्याकाळी देवास गेटवरच्या मिस्त्रीकडून एक लांबलचक काळं खोकं घेऊन आली. नात म्हणून कौतुकाने पाहायला गेले. आतून गिटार निघाली. बेस गिटार म्हणे. विजेवर चालते. माणिक मिस्त्रीने हाताने बनवली, आठ महिने लागले. "आजी, असली दुसरी कोणाकडेच नाही." म्हटलं बरं आहे, दुसऱ्यांची घरं वाचली.

मग चष्मा लावला. गिटारच्या पोटावर काळा डाग. तो डाग मी ओळखते. कपड्यांच्या दोरीसाठी यांनी अंगणातल्या आंब्यात खिळा ठोकला होता, त्याच्या गंजाचा डाग. माझ्या आंब्याची फळी आहे ती. माझ्या सरणाची.

रात्री जेवले नाही. कोणी विचारलंही नाही, बेसला सगळे हात लावून पाहत होते.

४ नोव्हेंबर

वासंतीने कबूल केलं. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी फळी गच्चीवरून खाली आली. सासू दवाखान्यात, म्हणजे घर मोकळं. वर म्हणते, "आई, बावीस फळ्या आहेत. एकीने काय होतंय?" उद्या म्हणेल आईंना दोन डोळे आहेत, एकाने काय होतंय.

शैलेंद्र पेपरातून तोंड बाहेर न काढता म्हणाला, "आई, घाटावर लाकूड मिळतं गं. तू कशाला टेन्शन घेते?"

हा मला सांगतो घाटावरचं लाकूड. बापाला नेलं तेव्हा श्रावण होता. ओलं लाकूड मिळालं. पेटेना. तीन तास नुसता धूर आणि शेवटी घासलेटचे डबे. आम्ही बायका घरी. पण हा परत आला तेव्हा याच्या सदऱ्याला घासलेटचा वास होता, तो मीच धुतला. दोनदा धुतला, गेला नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाने शाळेत इस्त्रीचे कपडे घालून शिकवलं, त्याला स्टोव्हसारखं पेटवलं.

तेव्हाच ठरवलं, माझं मी बघणार. सिंहस्थाच्या वर्षी वावटळीत आंबा पडला. सगळे रडत बसले, आता लोणच्याला कैरी नाही. मी आरा मशीनवाल्याला बोलावून फळ्या पाडून घेतल्या, गच्चीवर पत्र्याखाली रचल्या. नऊ वर्षं वाळतायत. माझं सरण कडकडीत पेटेल, धूर होणार नाही. एवढंच मागितलं होतं या घराकडे. तेही कोणाला आणायला नव्हतं सांगितलं.

६ नोव्हेंबर

निकाल दिला. लाकूड माझं, म्हणून गिटार माझी. वाजवायची तर मला विचारून. आणि मी गेले की माझ्याबरोबर सरणावर जाणार, तारांसकट.

वाटलं रडेल. पोरगी म्हणाली, "हो आजी, मी स्वतः ठेवीन. तोवर वाजवू?"

इतकं पटकन हो म्हणायची काय गरज होती.

७ नोव्हेंबर

वाजवली. म्हैस तळ्यात बसते तेव्हा असा आवाज होतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रोज दोन तास चालू. चार तारा, एकेक विहिरीच्या दोरासारखी. गाणं काही ओळखू येत नाही. म्हटलं, गाणं कुठंय यात? म्हणाली, "गाणं बाकीचे वाजवतात आजी. मी खालून धरून ठेवते. वाजत असताना कोणाचं लक्ष जात नाही, पण थांबले की सगळे गडबडतात."

म्हणजे सून. हे शिकायला क्लास लावला होता हिने? वासंतीला पाहत बसली असती तरी आलं असतं.

वासंती स्वयंपाकघरात हसली. मी तिला उद्देशून चांगलं काही बोलले नव्हते.

१५ नोव्हेंबर

घरात कोणी नव्हतं. शैलेंद्र बँकेत, वासंती माधव नगरच्या बाजारात, पोरगी कॉलेजात. मालकीण मी, म्हणून काढून पाहिली. धुळीचं निमित्त नको, इथे खरं लिहिते. मांडीवर घेतली. वजनाला बाळंतपणातल्या पोराएवढी. लाइटला जोडली नाही, मला झटके नको.

अंगठ्याने जाड तार ओढली. आवाज जवळपास नाहीच. पण बरगड्यांत काहीतरी गुरगुरलं. पुन्हा ओढली. गिटारची मान इतकी गुळगुळीत केलीय त्या मेल्या मिस्त्रीने की हात आपोआप खाली सरकतो. मग विठ्ठलाचं नेहमीचं भजन म्हणत एकाच तारेवर ठेका धरला. आमच्या भजनी मंडळातल्या टाळकरणींपेक्षा तो नीट पडला. त्या बायका हातात टाळ आले की पाठीमागे कुत्रं लागल्यासारख्या पळतात.

वासंती कधी दारात येऊन उभी राहिली, कळलं नाही. "आई, चहा ठेवू?"

म्हटलं ठेव, आणि बघतेस काय.

१६ नोव्हेंबर

अंगठ्याला फोड आलाय. कोणाला सांगितलं नाही. पोरीने चहाच्या कपाबरोबर मलम ठेवलं. आगाऊ.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आता खरं कळलं. निहारिकाला पुण्याच्या गाणाऱ्या मंडळींनी बोलावलंय. वर्षभर त्यांच्याबरोबर गावोगाव वाजवायचं. तिचं वाजवणं त्यांनी मोबाइलवर ऐकलं, त्यांना हीच गिटार आणि हीच पोरगी पाहिजे. तीस तारखेच्या आत हो-नाही सांगायचं.

विचारायला माझ्याकडे आली, एवढी रीत शिल्लक आहे. "आजी, घेऊन जाऊ?"

म्हटलं, आणि मी मधेच गेले तर?

"पहिल्या गाडीने घेऊन येईन."

म्हटलं, प्रेत तुझ्या गाडीची वाट पाहत बसत नाही. पुणे काय राम घाटाच्या पलीकडे आहे? तुला जायचं तर जा, दुसरी गिटार घे. ही उज्जैन सोडणार नाही.

शैलेंद्र म्हणाला, "आई, तू पण ना, हद्द करते." हद्द मी नऊ वर्षांपूर्वीच आखली होती, पत्र्याखाली. ती कोणी ओलांडली ते त्याने आपल्या बायकोला विचारावं.

पोरीने गिटार पुसली आणि माझ्या खाटेखाली ठेवून गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

माणिक मिस्त्री आला. थंडीत गिटारची मान जरा वाकते म्हणे, ती सरळ करायला. आत दोन लोखंडी सळ्या आहेत तरी वाकते. म्हटलं, मग सळ्या काय शोभेला घातल्या? हसला. "माँजी, लकड़ी है, साँस लेती है." चोरीच्या लाकडाला श्वास फार.

काम झाल्यावर म्हणाला, वरचं बाकीचं लाकूड पाहू द्या, असलं जुनं आता मिळत नाही. म्हटलं पाहा, हात लावू नका. शैलेंद्र त्याला गच्चीवर घेऊन गेला.

खाली आला तो ओंजळ भरून. ओंजळीत पिवळा भुसा. "माँजी, ऊपर कुछ नहीं बचा. सब घुन खा गया."

मी म्हटलं खोटं बोलतोय, लाकूड स्वस्तात लाटायचं असेल. शैलेंद्रला म्हटलं एक फळी खाली आण. आणली. जिन्यातच तिचे दोन तुकडे झाले, खारी बिस्किटासारखे. आतून नुसती किडीची भोकं. दुसरी आणली. तिसरी आणली. मग मीच म्हटलं पुरे.

मिस्त्री गिटारकडे बोट दाखवून म्हणाला, "इसमें भी किनारे से लग गया था. मैंने उतना काट दिया, तेल पिलाया. एक बरस और रहती तो ये भी जाती."

वासंती माझ्याकडे पाहत नव्हती. एकवीस फळ्या मी राखल्या, त्यांचा भुसा झाला. एक तिने चोरून दिली, ती उरली. तिने तोंडाने काही म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

माझं सरण आता या गिटारएवढं, चार किलोचं आहे. चार किलोत तर भाकरीही नीट भाजत नाही.

२४ नोव्हेंबर

वासंतीने भुसा पोत्यांत भरला, गुलाबांना घातला. तीन पोती. मी खाली बसून पाहिलं.

२५ नोव्हेंबर

मग आता गिटार जास्तच माझी. आंब्याचं तेवढंच उरलंय. सरणावर छातीशी ठेवा, बाकी घाटावरचं ओलं-सुकं जे मिळेल ते. वासंतीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." या घरात सगळे मला बरं आणि हो म्हणून मारणार आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पोरगी अंगणात फोनवर बोलत होती. मी खिडकीशी वाती वळत होते. पुण्याची मंडळी असावीत. म्हणाली, "नाही जमत. नाही, गिटारचं काही नाही. घरी काम आहे, मलाच नाही यायचं."

माझं नाव घेतलं नाही. म्हातारीने अडवलं, एवढं सांगायला काय जात होतं? खरं होतं ते. मला कोणी पदराखाली घालायची गरज नाही. मी ऐंशीची आहे, ती बावीसची.

मग फोन ठेवून आत आली, "आजी, वाजवू का थोडा वेळ?" म्हटलं वाजव. तासभर वाजवलं. आज एकदाही चुकली नाही. असं वाजवून अंगणातल्या गुलाबांना ऐकवायचं, आणखी कोणाला?

वाती चोवीस वळायच्या होत्या, चाळीस झाल्या.

३ डिसेंबर

निहारिका काल दुपारच्या गाडीने पुण्याला गेली. बेस घेऊन. तीस तारखेच्या आत तिला पुण्याला परत फोन मीच करायला लावला.

शैलेंद्रला तोंडावर सांगितलं, इथेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर ऐकलं नाही म्हणायला नको. मला विजेच्या भट्टीत घाला. घाटावर आहे ती. लाकूड लागत नाही, धूर नाही, पोरीला गाडी पकडून धावत यायला नको. तेराव्याला लोक विचारतीलच, म्हातारी नऊ वर्षं लाकूड लाकूड करत होती, ते गेलं कुठे? शैलेंद्रने उत्तर द्यायचं. निहारिकाला कोणी काही विचारायचं नाही.