दहापैकी चार

चि. भाचीस,

आपल्या व्यवस्थापन विद्याशाखेत परदेशातल्या सत्रासाठी एकच जागा होती आणि ती तुला मिळाली नाही. त्याचे कारण मी आहे.

नातलग मुलाखतीला आला, की समितीतल्या सदस्याने बाहेर जावे असा नियम आहे. मी उठू लागले, तेवढ्यात लेखाशास्त्राचे प्राध्यापक हसून म्हणाले, "बसा हो मॅडम, घरचीच तर सीट आहे!" मी घरच्यांना झुकते माप देत नाही हे दाखवून त्यांचे तोंड बंद करण्यासाठी मी बसून राहिले. तुझी उत्तरे सर्वांत नेमकी होती. तरीही मी तुला दहापैकी चार गुण दिले. पक्षपाताचा आरोप टाळण्यासाठी मी पक्षपातच केला, आणि मी तर वर्गात युक्तिवाद शिकवते.

काल तू विचारलेस, "आत्या, खरं सांग ना, कुठे माती खाल्ली मी?"

मी म्हणाले, "तयारी कमी पडली."

फेरविचाराच्या अर्जाची मुदत आज पाचला संपते. माझ्या लेखी कबुलीशिवाय तुझ्या अर्जाला आधार नाही. साडेचार वाजून गेले आहेत. कार्यालय एकच जिना खाली आहे, आणि मी हे पत्र तिसऱ्यांदा सुधारून लिहिते आहे.

तुझी परीक्षक,
आत्या