दोन्ही बाह्या डाव्या

मी, कोपऱ्यावरच्या शिवणदुकानाची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, धर्माने ख्रिस्ती, विधवा, देवाला स्मरून माझ्या माघारीची व्यवस्था या कागदाने लावून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न काहींनी केला होता. त्यांची नावं लिहायला वकिलांनी साफ नकार दिला, म्हणून या कागदात कोणाचंच नाव न घालता नात्यावर आणि धंद्यावर भागवलं आहे. ज्याचं त्याला कळेल.

अक्षर वकिलांचं, शब्द माझे. प्रत्येक पान त्यांच्याकडून वाचून घेतलं, आणि ते पाय मोकळे करायला बाहेर गेले तेव्हा समोरच्या बेकरीवाल्याकडून पुन्हा वाचून घेतलं. याआधीचं मृत्युपत्र म्हणून कोणी काही पुढे केलं तर ते खोटं समजावं. मी ते केलेलंच नाही.

कलम १. दुकानामागच्या राहत्या खोल्या मुलगा आणि सून या दोघांच्या नावे. दोघांच्या सह्यांशिवाय विकता येणार नाहीत. सून इथे माझ्याजवळ राहते. मुलगा परगावी नोकरीला असतो आणि फोनवर म्हणतो, "आई, किती राबशील? आता आराम कर." मुलगा आराम कर म्हणायला लागला की घराला गिऱ्हाईक कोण आलंय ते आधी बघावं.

कलम २. आमच्या आईची लोखंडी कात्री. ती धाकट्या बहिणीने एका झग्यापुरती म्हणून नेली आणि नंतर हरवली म्हणून काखा वर केल्या. त्या कात्रीचा आवाज मी झोपेतही ओळखीन. बहिणीच्या दारात उभी असताना तो आतून ऐकलाय. ती कात्री मी तिलाच देते. निदान लपवायचे कष्ट तरी वाचतील.

कलम ३. चर्चच्या मंडळीतल्या माझ्या जबाबदाऱ्या. वकील म्हणतात, या मालमत्तेत बसत नाहीत. पण आयुष्यभर याच सांभाळल्या, तेव्हा बसवाव्या लागतील. उपासनेनंतर गायनमंडळाचा सराव, मग रविवारची शाळा, मग वेदीवरच्या फुलांची समिती, मग आजाऱ्यांच्या भेटी. घरी यायला संध्याकाळ व्हायची. प्रार्थना मी मशीनचं पायडल मारता मारता उरकत असे.

पाळकसाहेब अनेकदा म्हणायचे, "मावशी, थोडं कमी करा. प्रभूच्या पायाशी नुसतं बसायलाही शिका." मी म्हणायची, हो, आणि माझ्या जागेवर पाळकबाईंची बहीण बसेल. मला सगळं दिसत होतं.

पुढे मी ही कामं एकेक करून सोडली. सराव सोडला, शाळा सोडली, फुलं सोडली. पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझं उदाहरण दिलं: या भगिनीने धावपळ टाकून प्रभूच्या पायाशी बसण्याचा उत्तम भाग निवडला. सगळी मंडळी वळून बघत होती. मी मान खाली घातली, तो लोकांना नम्रपणा वाटला. खरं कारण असं की मला लवकर घरी जाऊन सुनेवर पाळत ठेवायची होती.

कलम ४. तयार कपड्यांचं कपाट. मी कोणावर विश्वास ठेवत नाही, हे गावाला माहीत आहे. कपाटाच्या दोन मुठींना मी करडा दोरा बांधून ठेवते आणि त्याला माझी स्वतःची गाठ मारते. एका रविवारी परत आले तर दोरा जागेवर होता, गाठही माझीच होती. पण बोट फिरवलं तर पीळ उलटा. मनात पाल चुकचुकली. ही गाठ मी जगात एकाच माणसाला शिकवली आहे, सून नवी नवरी होती तेव्हा. आणि सून डावखुरी आहे.

मग काय, सगळं जुळायला लागलं. ती कपाटातल्या कपड्यांवरून मापं उतरवून घेत असणार. माझी गिऱ्हाइकं फोडून स्वतःचं दुकान थाटणार. मुलगा घर विकणार, सून धंदा नेणार, आणि मला आराम. तोंडाने मात्र "आई, जेवून घ्या", "आई, दिवा लावू का". इतकं साळसूद वागणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं ते मी जाणून होते.

कामं सोडून मी दर रविवारी जरा आधी घरी येत गेले. तरी ती हाती लागेना. शेवटी आजाऱ्यांच्या भेटीही टाकल्या, उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद होताच उठले, आणि मागच्या दाराने, चपला हातात घेऊन आत शिरले.

सून खिडकीखाली बसली होती. मांडीवर पाळकसाहेबांचा नवा काळा झगा, जो मी आदल्या दिवशी पुरा केला होता. ती तो उसवत होती.

"सापडलीस!" मी ओरडले. "माझं नाव बुडवायला निघालीस?"

ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "आई, बसा आधी. दोन्ही बाह्या डाव्या लागल्यात."

मी झगा ओढून घेतला. डोळ्यांना काळ्यावर काळं, काहीच दिसेना. मग बोटांनी पाहिलं. बाहीचा फुगीर भाग पुढे असतो की मागे, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. उजव्या खांद्यावर डावीच बाही होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले. गायनमंडळाचे झगे, लग्नाचा तो पांढरा ड्रेस. रविवारी वेळ मिळतो तेव्हा करते."

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, तूच उसवलंस."

म्हणालेच असते. अजूनही, खरं सांगायचं तर, नंतर ज्या डॉक्टरांना मी डोळे दाखवले त्यांना ती आधीच भेटली होती का, असा संशय मला येतो. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही. मी दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. ते पहिल्याचे मित्र निघाले.

पण सोडलेली कामं मी परत धरली नाहीत. दुपारी मशीनजवळ बसते आणि मशीन चालवत नाही. सुरुवातीला फार भीती वाटली. नुसतं बसल्यावर प्रभू काय विचारील, कोण जाणे. तो माझ्याशी बोलतो असा माझा दावा नाही. पण आता खडखड थांबलेली असते, बोललाच तर ऐकू येईल.

कलम ५. दुकान, मशीन, मापं, कापड, गिऱ्हाइकं आणि कपाट सुनेला. एकटीच्या नावे. मुलाने यात तोंड घालू नये. करड्या दोऱ्याचं रीळही तिलाच, पण कपाटाला दोरा मी आजपासून बांधत नाही. मी तिची माफी मागितलेली नाही, तिनेही वाट पाहू नये.

कलम ६. मला पुरताना साधा झगा घालावा. तो सुनेने शिवावा, आणि कोणी तपासू नये.

शेवटची नोंद. सून वारस आहे म्हणून वकिलांनी तिला खोलीबाहेर पाठवलं होतं. ती दाराआड उभी होती, हे मला माहीत होतं. ऐकत असेल तर ऐकू दे. आता सही कुठे करायची ती रेघ मला दिसत नाही. वकील म्हणाले, मी बोट ठेवतो. मी म्हटलं, तुमचं बोट माझ्या ओळखीचं नाही.

मी सुनेला हाक मारली. ती म्हणाली, "आई, उद्या कोणी बोट दाखवलं तर? मी सही करून घेतली म्हणतील."

"म्हणू दे. इतके दिवस मीच म्हणत होते."

तिने डाव्या हाताचं बोट कागदावर ठेवलं आहे. त्याला लागून मी सही करते. हे शेवटचं पान मात्र मी कोणाकडूनही वाचून घेतलेलं नाही.

सही: दुकानाची मालकीण (जरा वाकडी आली आहे, पण माझीच)

साक्षीदार: समोरचा बेकरीवाला, हात पुसून
साक्षीदार: मंडळीची घंटा वाजवणारे काका

ठिकाण: दुकानामागची खोली, कपाट उघडं
दिवस: रविवार, आशीर्वादानंतर लगेच